टायरला डिझेल आणि जळालेलं ऑइल लावा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा सिन्नरच्या मामांनी फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली मला विचारलं, "तू याच धंद्यात आहेस ना, खरंय का हे?" तोच मेसेज दोन दिवसांत अजून तीन ठिकाणांहून आला म्हणून इथे सविस्तर लिहितोय. मेसेज थोडक्यात असा: टायर पॉलिश म्हणजे लूट, त्यातल्या केमिकलने टायर तडकतो. त्यापेक्षा डिझेलमध्ये गाडीतलं जळालेलं ऑइल मिसळा आणि दर रविवारी पूर्ण टायरला फिरवा, बाइकलाही. टायर काळाकुळकुळीत राहतो, बारीक तडे भरून येतात, आयुष्य दुप्पट होतं. आणि टायर तपकिरी पडला की समजायचं माल हलका आहे.

माझं नाशकात गाड्या डिटेलिंगचं (आतून बाहेरून बारकाईने साफसफाईचं) छोटं दुकान आहे, टायर ड्रेसिंग (आपण ज्याला पॉलिश म्हणतो ते) मी वापरतो पण आणि विकतो पण, हे आधीच सांगून ठेवतो. हे वाचून कोणी एक बाटलीही घेतली नाही तरी चालेल, नुसता धुतलेला टायर उत्तमच असतो, पण डिझेल लावू नका एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

पहिला मुद्दा, "पॉलिशमध्ये केमिकल असतं, टायर तडकतो". यात थोडं तथ्य आहे म्हणून घाईने उडवून लावत नाही. बाजारात ढोबळमानाने दोन जातीची ड्रेसिंग मिळतात. एक पाण्यावरचं, बहुतेक वेळा दुधासारखं पांढरं दिसतं, त्यात सिलिकॉन नाहीतर पॉलिमर पाण्यात मिसळलेलं असतं, पाणी उडून गेलं की पातळ थर मागे राहतो. दुसरं सॉल्व्हंटवालं, ते बहुतेक वेळा पारदर्शक, चिकट आणि रॉकेलसारख्या वासाचं, कारण त्यात पेट्रोलियमचाच पातळ अंश असतो, आणि आरशासारखी ओली चमक देणारे स्प्रे बरेचसे यातच मोडतात. माझी तक्रार या दुसऱ्या जातीबद्दल आहे. मिशेलिन या टायर कंपनीने त्यांच्या मोठ्या कॅम्पर गाड्यांच्या (आत राहायची सोय असलेल्या) टायरच्या माहितीत तर पेट्रोलियम, अल्कोहोल आणि सिलिकॉन असलेली ड्रेसिंग वापरू नका, तडे जातात असं लिहिलंय, म्हणजे ते सिलिकॉनलाही सूट देत नाहीत. पण त्या गाड्या महिनोन्महिने उन्हात एका जागी उभ्या असतात हे पण लक्षात घ्या. रोज फिरणाऱ्या गाडीला महिन्यातून एकदा पाण्यावरचं ड्रेसिंग पातळ लावून वरचं पुसून घेतलं तर टायर तडकलेला मी तरी माझ्या गिऱ्हाइकांत बघितला नाहीये. तरी ज्याला धाकधूक वाटते त्याने काहीच लावू नये, त्याने टायरचं काही बिघडत नाही.

आता गंमत बघा, ज्या पेट्रोलियमला घाबरून पॉलिश नको म्हणायचं, उपाय म्हणून तेच पेट्रोलियम थेट डब्यातून ओतायला सांगतात! डिझेल काय आहे मग? इंजिन ऑइल काय आहे? टायर नैसर्गिक रबर आणि एसबीआर नावाच्या कृत्रिम रबराचा असतो आणि ही दोन्ही रबरं पेट्रोलियम तेल पितात. पितात म्हणजे खरंच पितात, तेल आत शिरतं, रबर फुगतं, मऊ पडतं, आणि टायर टिकावा म्हणून कंपनीने आत जे घातलेलं असतं ते हळूहळू बाहेर धुऊन निघतं. नागपूरकडच्या पोरांना हे शाळेतच माहिती असतं, संत्र्याची साल फुग्याजवळ पिळली की फुगा फटकन फुटतो, कारण सालीतलं तेल रबर विरघळवतं. टायर काही फुग्याइतका नाजूक नसतो, तो एका रविवारी फुटणार नाही, पण वर्षाचे बावन्न रविवार हे करायचं म्हटल्यावर काय होईल सांगा. पेट्रोल पंपावरचा पाइपही रबराचाच असतो मग तो का खराब होत नाही असं एकाने मला विचारलं, तर तो वेगळ्या रबराचा असतो, नायट्राइलसारख्या, तेल सहन करायलाच बनवलेला. टायर त्यासाठी बनवलेला नाही.

मग डिझेल लावल्यावर टायर इतका भारी का दिसतो? ओला दगड जसा गडद दिसतो ना, तसंच, वर तेलाचा थर बसला की काळा दिसणारच. दोन दिवसांत त्याच थरावर रस्त्याची सगळी धूळ चिकटते, मग परत लावा, परत धूळ. खोबरेल तेलाचंही तेच, वरून त्याला वास सुटतो. अजून एक, सर्व्हिसिंगला गेल्यावर "खालून डिझेल मारून देऊ का" विचारतात तेव्हा पण नाही म्हणा, खाली सस्पेन्शनचे रबरी बुश असतात, त्यांनाही हेच लागू. आणि जळालेल्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेची धातूची कणी, काजळी, काय काय असतं, ते उघड्या हाताने फडक्यावर घेऊन चोळायचं? आपल्याकडे २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरलंय. पावसात ते टायरवरून धुऊन अंगणात आणि गटारात जाणार.

"तपकिरी टायर म्हणजे हलका माल." उलटं आहे हो! टायर बनवताना रबरात मेण आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं घालतात, त्यातलं सगळ्यात वापरातलं म्हणजे ६पीपीडी. हवेतला ओझोन ताणलेल्या रबरावर हल्ला करतो आणि तिथे तडे जातात, म्हणून ही रसायनं हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि रबराच्या आधी स्वतः ओझोन झेलतात, झेलून झाली की तपकिरी पडतात. धंद्यात याला ब्लूमिंग म्हणतात. म्हणजे टायर तपकिरी पडतोय याचा अर्थ आतली राखण काम करतेय. (याच ६पीपीडीपासून बनणाऱ्या पदार्थामुळे अमेरिकेत पावसाच्या पाण्यात कोहो सामन मासे मरतात हे २०२० मध्ये संशोधकांनी दाखवलं, त्यामुळे त्याला पर्याय शोधणं चालू आहे, पण तो वेगळा विषय.) काळा रंग सुद्धा दिसण्यापुरता नाही, कार्बन ब्लॅक नावाच्या काजळीसारख्या पुडीमुळे रबर मजबूत होतं आणि उन्हापासून वाचतं. पूर्वी टायर फिकट रंगाचे असायचे, मिशेलिनचा तो वळ्यावळ्यांचा माणूस १८९८ चा, म्हणून तो पांढरा आहे.

हा तपकिरी थर घालवायचा तर ब्रश लागतो, पॉलिश नाही. इथेच बहुतेक जण चुकतात, मळक्या टायरवर ड्रेसिंग मारतात आणि मग म्हणतात टिकत नाही. टायर ओला करा, ऑल पर्पज क्लिनर बाटलीवर लिहिलंय तेवढा पातळ करून मारा, ताठ ब्रशने घासा, तपकिरी फेस येईल, धुवा, परत घासा, फेस पांढरा येईपर्यंत. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांना पहिल्यांदा तीन तीन वेळा घासावं लागतं कारण आधीच्या पॉलिशचे थरच्या थर साचलेले असतात. मग पूर्ण वाळू द्या. स्पंजवर थोडंसं ड्रेसिंग घेऊन फक्त साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) लावा, पंधरा वीस मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्याने वरचं टिपून घ्या. हे टिपणं सोडलं की गाडी चालली की मडगार्डच्या वर पांढऱ्या रंगावर काळे शिंतोडे उडतात आणि शिव्या पॉलिशला बसतात. स्प्रे थेट चाकावर मारू नका, डिस्कवर गेला तर ब्रेकचं काय होईल हे सांगायला नको.

"तडे भरून येतात, आयुष्य दुप्पट." या एका वाक्याचा मला खरंच राग आला. तडे भरत नाहीत, झाकले जातात. गेल्या वर्षी एक जण जुनी गाडी घेऊन थेट माझ्याकडे आला, विकणाऱ्याने टायर चकाचक काळे करून दिले होते, हा खूश, घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघायचं म्हणून आतून बाहेरून स्वच्छ करायला दिली. आम्ही टायर घासले आणि दोन टायरच्या साइडवॉलवर गोल फिरलेल्या भेगा वर आल्या, नख अडकेल एवढ्या. टायरवर इंग्रजीत डॉट (DOT) लिहिलेलं असतं त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. (एका बाजूला आकडे दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघा.) त्याचे टायर नऊ वर्षांचे निघाले. नक्षी मात्र भरपूर शिल्लक, टायर झिजला हे दाखवणाऱ्या १.६ मिलिमीटरच्या खुणेच्या कितीतरी वर, त्यामुळे कोणाला शंकाच येणार नाही. त्याने तुळजापूर पुढे ढकललं आणि आधी टायर बदलले. टायरचं आयुष्य वाढवायचं तर हवा बरोबर ठेवा, ओव्हरलोड करू नका, सावलीत लावा आणि गाडी अधूनमधून चालवा, कारण टायर वाकला-दबला की आतलं मेण वर येतं, उभ्या गाडीचं तेवढं येत नाही.

राहिला "पूर्ण टायरला, बाइकलाही". हे वाचून मी मामांना लगेच फोन केला. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर तेल काय, ड्रेसिंग काय, काहीही लावायचं नाही, कारलाही नाही. आणि बाइकला तर साइडवॉललाही नको, वळणावर बाइक झुकते तेव्हा टायरची कडच रस्त्याला टेकते. तिथे तेल असेल तर वाचायला संधीच मिळत नाही.

मामांनी एक लिटरची बाटली आधीच बनवून ठेवली होती, मामेभावाच्या बाइकसाठी. मामा, ती मोरीत किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. तुमच्या गॅरेजवाल्याकडे वापरलेल्या ऑइलचा ड्रम असतो, त्यात डिझेल मिसळलंय हे त्याला सांगूनच द्या, आणि बाइकला एकदा जरी लावलं असेल तर आज ती बाहेर काढू देऊ नका, आधी दोन्ही टायर साबणाच्या पाण्याने घासून धुवा, मी रविवारी येतोय, तेव्हा बघतो.