शब्दकोश आहे, मग गळा का काढायचा?

नमस्कार काका (पंच्याहत्तरी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते).

डकोटा या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांवरच्या, त्यांच्या भाषेवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मिशनऱ्यांना मी सरसकट खलनायक केलं, हा तुमचा पहिला आक्षेप. दुसरा असा की ज्या भाषेचं व्याकरण आणि शब्दकोश दीडशे वर्षांपूर्वीच छापून झालाय, ती 'जपायची' म्हणजे नेमकं काय करायचं? उगाच गळा काढण्यात काय अर्थ?

पहिलं बरंचसं मान्य. स्टीफन रिग्ज या मिशनऱ्याने संपादित केलेला डकोटा व्याकरण-कोश 1852 साली अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने छापला. शब्द पुरवणारे अर्थात डकोटाच होते, पण रिग्जचे कष्ट मी गाळायला नको होते.

आता त्याच कोशाचं पुढे काय झालं ते बघा. 1862 साली मिनेसोटात डकोटा आणि अमेरिकी सरकार यांच्यात युद्ध झालं, त्यानंतर 303 डकोटांना फाशी सुनावली गेली. काही खटले तर पाच मिनिटांत उरकले. राष्ट्राध्यक्ष लिंकनने यादी छाटली, तरी 26 डिसेंबरला मॅनकेटो गावात 38 जणांना एकाच वेळी लटकवलं. उरलेले कैदी पुढे आयोवातल्या डेव्हनपोर्टच्या छावणीत गेले. तिथून ते स्वतःच्या भाषेत पत्रं लिहीत, आणि बरीचशी रिग्जनाच! घरच्यांची खबर विचारणारी, सुटका कधी म्हणून विचारणारी. त्यातल्या 50 पत्रांचा अनुवाद पुस्तकरूपात आला तो थेट 2013 साली, आणि तो केला डकोटा बोलत वाढलेल्या दोघा वडीलधाऱ्यांनी. कोश तेव्हाही कपाटात होताच की.

माझं म्हणणं एवढंच, की भाषा कोशात नाही, बोलणाऱ्या माणसांत जगते, आणि ते नात्यांच्या शब्दांत सगळ्यात स्वच्छ दिसतं. डकोटात वडिलांच्या भावालाही 'आते'च म्हणतात, म्हणजे वडीलच. आईची बहीणही 'इना', आईच. (माय मरो पण मावशी जगो म्हणणाऱ्यांना यात नवल वाटू नये. 'आते'वर मात्र मी पहिल्यांदा आत्या समजून फसले होते.) थोरल्या भावाला धाकटा भाऊ 'चिन्ये' म्हणतो, बहीण 'तिब्दो'. हे सगळं कोशात मिळतं. पण 'तिब्दो' अशी हाक मारायला थोरला भाऊ घरात हवा ना? 1879 साली मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा निघाली आणि तिच्या धर्तीवर इतरही. तिथे मुलांचे केस कापले, नावं बदलली, घरची भाषा बोललं की शिक्षा. हाक मारणारा एकीकडे, ओ देणारा दुसरीकडे. एला डेलोरिया या डकोटा भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर शब्द आणि गोष्टी टिपल्या. त्यांनीही डकोटा जगण्याचं सार म्हणून चांगला नातलग होणं हेच सांगितलं.

'तलावाचं नाव बदलून पोट भरतं का?' असंही तुम्ही विचारलंत. नाही भरत. पण मिनियापोलिसच्या त्या तलावाला गुलामगिरीचा कैवार घेणाऱ्या कॅलहून या अमेरिकी राजकारण्याचं नाव होतं, आता 'ब्दे माका स्का' हे डकोटा नाव आहे. माझी जीभ अजून अडखळते; माझी लेक मात्र ते सहज म्हणते आणि मला दुरुस्तही करते.

रिग्जवरचा परिच्छेद आज रात्री मूळ लेखात घालते. वाचून परत भांडा.