गार हवा लागली म्हणजे गुहा सापडली असं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जंगलातल्या लपलेल्या गुहेच्या गोष्टी कशा तपासाव्यात, या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुमचे आक्षेप असे: गावकऱ्यांच्या सांगण्याला अफवा म्हणून हिणवलं, कपारीतून गार हवा येते आणि तिन्हीसांजेला वटवाघळं उडतात, एवढं पुरेसं असताना आणखी पुरावे मागितले, आणि जागा मुद्दाम लपवली. शेवटी तुम्ही लिहिलंय, 'काडी पेटती राहिली तर बिनधास्त आत जावं.' हे वाक्य सगळ्यांत धोक्याचं आहे, त्याकडे येतोच.

अफवा म्हणजे थाप, असं लेखात कुठेही म्हटलेलं नाही. व्हिएतनाममधल्या सोन डूंग गुहेचं तोंड तिथले गावकरी हो खान्ह यांना १९९०च्या सुमारास जंगलात दिसलं, पण नंतर तिथे पोचायची वाट काही सापडेना. २००८मध्ये ती त्यांना पुन्हा सापडली आणि २००९मध्ये ब्रिटिश गुहासंशोधकांच्या पथकाने तिची मोजणी केली. मधली सगळी वर्षं तीसुद्धा सांगोवांगीची गोष्टच होती. हो खान्ह यांच्या आठवणीत काय होतं? आतून येणारा वारा आणि पाण्याचा घोंघाट. आमचं म्हणणं एवढंच, की गोष्टीतला असला तपशील धरून ठेवायचा. खजिना, सात दरवाजे, 'आत सोडलेलं जनावर पलीकडच्या डोंगरातून निघालं' हे सोडून द्यायचं. जनावराची गोष्ट तर जगभर सांगतात. म्हणून विचारताना 'गुहा कुठे आहे?' असं विचारू नका. स्वतः पाहिलं की ऐकलं, कोणत्या ऋतूत, परतताना ती कुठल्या हाताला होती, हे दोघांना वेगवेगळं गाठून विचारा.

आता गार हवा. सावलीतली ओली कपार गार असतेच, आणि पहाटे खोलगट जागेत थंड हवा साचते, तिथे गुहा असो वा नसो. फरक कळतो तो तापमानाच्या नोंदींवरून. खोल गुहेतली हवा त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहते. म्हणून थर्मामीटर कपारीत हातभर आत धरा, पहाटे एकदा आणि भर दुपारी एकदा. बाहेरचं तापमान दहा अंशांनी बदललं आणि कपारीतलं जेमतेम अंशभर, तर आत मोठी पोकळी असण्याची शक्यता आहे. दोन्ही बरोबरीने चढले-उतरले, तर ती नुसती सावली.

मग उदबत्ती लावून धूर कुठे वळतो ते बघा, वारा पडलेला असताना. गुहेला खाली-वर दोन तोंडं असतील तर उन्हाळ्यात आतली जड, गार हवा खालच्या तोंडातून बाहेर पडते आणि वरचं तोंड हवा ओढून घेतं. हिवाळ्यात हे उलटं होतं: वरून उबदार हवा निघते आणि खालची फट आत ओढते. त्यामुळे 'फक्त उन्हाळ्यातच गार वारा येतो' असं कुणी सांगितलं, तर ते खालचं तोंड असू शकतं. दुसरं चढावर वरच्या अंगाला शोधा, तेही हिवाळ्यात पहाटे. बाहेर कडाक्याची थंडी असेल तर तिथून वाफ निघताना दिसते. हिवाळ्यात गेलेला माणूस खालच्या फटीपाशी थांबतो, काहीच लागत नाही म्हणून परततो आणि जुनी माणसं खोटी ठरतात.

वटवाघळांचं थोडक्यात. झाडांच्या ढोल्यांत आणि जुन्या इमारतींतही ती राहतात. इकडेतिकडे उडणारी वटवाघळं चरायला निघालेली असतात. एकाच जागेतून बराच वेळ रांग लागली, किंवा पहाटे ती एकाच ठिकाणी घिरट्या घालून आत शिरू लागली, तरच तिथे मुक्काम आहे असं समजा. बघा मात्र लांबून.

आणि तोंडासमोर उतारावर दगडमातीचा ढीग असेल, भिंतीवर पहारीचे किंवा ड्रिलचे सरळ व्रण असतील, तर ती गुहा नसून जुनी खाण आहे. कुजलेलं लाकूड आणि कोंदट हवा, दोन्ही तिथे जीवघेणी. आत जाऊच नका.

आता काडीबद्दल. ज्योत ऑक्सिजन कमी झाल्यावर विझते. कार्बन डायऑक्साइड मात्र ऑक्सिजन फारसा न घटताही चढू शकतो. मोकळ्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. तीन टक्क्यांच्या आसपास माणसाला धाप लागते, डोकं दुखतं, आणि काडी तरीही जळत असते. पालापाचोळा कुजत असलेल्या खोलगट, बंद टोकाच्या जागी तो तळाशी साचतो. विनाकारण श्वास वाढला की लगेच, न धावता, मागे फिरायचं. शिवाय वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. किमान चार जण, प्रत्येकाला हेल्मेट आणि तीन वेगवेगळे दिवे, आणि परतायची वेळ बाहेरच्या माणसाला सांगून ठेवलेली, याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल नको.

जागा लपवली, हे खरं आहे आणि ती पुढेही सांगणार नाही. फ्रान्समधली आदिमानवाच्या भित्तिचित्रांची लास्को गुहा १९४८मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि माणसांच्या श्वासाने, उजेडाने चित्रांची हानी होऊ लागल्यावर १९६३मध्ये बंद करावी लागली. तिथे निदान पहारेकरी तरी होते. जंगलातल्या तोंडावर कोण उभं राहणार? थंडीत झोपलेली वटवाघळं वारंवार उठवली तर साठवलेली चरबी संपून मरतात, आणि तोडलेला लवणस्तंभ आपल्या हयातीत परत वाढत नाही.

तुम्ही म्हणता त्या कपारीच्या पहाटेच्या आणि दुपारच्या नोंदी घेऊन इथे जरूर लिहा. बाहेरचं तापमान, आतलं तापमान, महिना आणि धुराची दिशा एवढं पुरे. ठिकाणाचं नाव तेवढं टाकू नका.