लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही

‘ताप, घसादुखी, अंगावर पुरळ म्हणजे एचआयव्ही झालाच’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. संसर्गानंतर २ ते ४ आठवड्यांत अशी लक्षणं काहींना दिसतात, काहींना काहीच जाणवत नाही. आणि साध्या फ्लूतही हेच होतं. घाम, धडधड, जुलाब तर नुसत्या धास्तीनेही होतात. रात्री दोनला मोबाईलच्या उजेडात जीभ तपासून निदान होत नसतं!

निदान फक्त चाचणीने. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी (विषाणूचे अंश आणि शरीराने त्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी) संसर्गाचा धोका असलेल्या प्रसंगानंतर साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते. ४५ दिवसांआधीचा निगेटिव्ह रिपोर्ट अंतिम नव्हे. असा प्रसंग गेल्या ७२ तासांत घडला असेल तर मात्र वाट पाहू नका, प्रतिबंधक औषधांसाठी लगेच डॉक्टरांना गाठा.