आमची खुर्ची पातळ नाही

अप्पांच्या मांडीचं हाड मोडलं आणि घरात फोल्डिंग व्हीलचेअर आली. दुकानदार म्हणाला, "घडी केली की कुठेही मावते." या 'कुठेही'मध्ये आमची जुनी गाडी बसत नाही, हे खाली पार्किंगमध्ये कळलं.

घडी म्हटलं की आपल्याला धोतर आठवतं. व्हीलचेअर घडी होते म्हणजे नुसतं अंग चोरते. रुंदीला फूटभर होते, पण उंची तीन फूट ती तीन फूटच. चोवीस इंची चाकं तशीच आणि वजनही सतरा किलोच! गंमत म्हणजे रिक्षात ती पायांपुढे बिनतक्रार उभी राहायची. म्हणून आम्ही रिक्षाने कार बघायला निघालो.

अप्पा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. आंब्याच्या पेट्या, कोंबड्यांच्या डालग्या, एकदा तर नवरीचं लोखंडी कपाट त्यांनी टपावर चढवलेलं. त्यामुळे "टेपबिप राहू दे, माल चढवून बघायचा" हे त्यांचं ठाम मत.

पहिल्या शोरूममधला पोरगा उत्साहाने म्हणाला, "सर, डिकी बघा, साडेतीनशे लिटर!"

"आमची खुर्ची पातळ नाही," अप्पा म्हणाले.

डिकीचं पोट रांजणाचं आणि तोंड सुरईचं. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीला कर कमी, ही 2006च्या अर्थसंकल्पाची कृपा. तेव्हापासून सेडानचीही शेपटी छाटली गेली. आत जागा होती हो, पण खुर्ची दारातच अडकली आणि बंपरवर एक ओरखडा उठला. मी तो गुडघ्याने झाकून उभा राहिलो.

मग एक एसयूव्ही. डिकीचा उंबरा माझ्या पोटाशी. खुर्ची उचलताना माझ्याच कमरेत असं काही कट् झालं, की घरात दुसरी व्हीलचेअर येते की काय! अप्पांनी सीटची उंची बघून विचारलं, "शिडी कुठंय?" त्यानंतरची गाडी इतकी ठेंगणी, की अप्पा बसले ते उठेचनात. शेवटी वॉचमनला बोलवावं लागलं. सेल्समनला मात्र वाटलं, काकांना गाडी फारच आवडली.

चौथीकडे सगळं जमलं. सीट कमरेइतकी उंच, डिकीचं तोंड रुंद, उंबरा खाली. मी आनंदाने डिकी उघडली, तर आत सीएनजीची टाकी ऐसपैस पहुडलेली. आमच्या आधी कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती.

शेवटी पेट्रोलची वॅगनआर. कागदावर 341 लिटर, पण तोवर लिटरवरचा माझा विश्वास उडालेला. मागच्या सीटचा एक भाग आडवा केला. खुर्ची उभी घातली, आडवी घातली, उलटी घातली. दार काही लागेना. आजूबाजूला सल्लागार जमले. त्यांच्यापैकी एकाने चाक कापून बघायला सुचवलं.

"पाय काढ," मागून अप्पा गरजले.

मला वाटलं, निघायला सांगतायत. मी किल्ली परत देऊ लागलो.

"अरे, तुझे नव्हे, खुर्चीचे!"

पाय ठेवायच्या पट्ट्या खटका दाबला की निघतात, हे चार शोरूम पालथी घालून झाल्यावर मला कळलं. पट्ट्या काढल्या, खुर्ची सरकली, दार लागलं. "तुम्हाला ठाऊक होतं तर आधी का नाही बोललात?" मी विचारलं. अप्पा म्हणाले, "फिरायला मिळत होतं."

गाडी घ्यायला आम्ही चौघं गेलो. हार घातला, नारळ फोडला. अप्पा पुढे बसले, मी स्टिअरिंगवर. मागे खुर्ची विराजमान, तिच्या शेजारी एकच जागा. दाराशी बायको पेढ्यांचा बॉक्स घेऊन आणि लेक.

अप्पांनी मागे नजर टाकली. "पोरीला बसू दे. सूनबाई, मागची गाडी रिकामी येतेय!"

आणि त्यांनी काचेवर दोनदा टकटक केलं.