‘सावकारी’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

इंदूरजवळच्या पातालपाणी–कालाकुंड या जुन्या रेल्वेघाटावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक पुणेकर वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया इंदुरातल्या निम्म्या ओळखीच्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. मी स्वतःचा ब्लॉग वाचत नाही असा त्यांचा समज असावा. तिथेच चार ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, पण चार ओळींत मावेना.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी मुख्य वाक्य देतो: ‘होळकरांनी रेल्वे बांधली नाही, साडेचार टक्क्यांनी पैसे लावले, सावकारीला दातृत्व म्हणणं ही संस्थानी भाटगिरी आहे.’ त्यापुढे आणखी बरंच आहे. लेख लांबला, घाट खोदणाऱ्या मजुरांना एकच वाक्य मिळालं, टंट्या मामा या भिल्ल वीराला मान द्यायला घाटात गाडी थांबते ही गोष्ट म्हणजे अंधश्रद्धा, आणि ब्रॉडगेज (रुंद रूळ) येतंय तर हे रडगाणं कशाला.

लेख लांबला, मान्य. डोंगरगावच्या पोह्यांवरचा परिच्छेद नसता तरी चाललं असतं.

आता भाटगिरी. महोदय, एखाद्या अनोळखी माणसाला भाट म्हणायचं आणि खाली ‘चर्चेसाठी’ असं लिहायचं, ही चर्चेची कोणती पद्धत? माझं म्हणणं खोडा, आकडे तपासा, हवं तर दोन कान उपटा. पण हे साडेचार टक्के तुम्हाला सापडले कुठे? माझ्याच लेखात, तिसऱ्या परिच्छेदात! कर्जाची रक्कम, व्याज, मुदत, सगळं मीच दिलं होतं. तेच उचललंत आणि मलाच फेकून मारलंत.

तरीही सावकारीचा हिशेब करू. १८७० साली मुंबई–कलकत्ता मार्ग जोडला गेला तो खंडव्यावरून जबलपूरकडे. इंदूर बाजूला राहिलं. खंडवा खाली निमाडात, इंदूर वर माळव्याच्या पठारावर, आणि मध्ये विंध्याचा कडा. त्याच सुमारास इंदूरचे राजे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी खंडवा–इंदूर मार्गासाठी एक कोटी रुपये देऊ केले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. त्या काळात जीआयपीसारख्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) विलायती कंपन्यांना सरकारने भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिलेली होती. गाडी तोट्यात गेली तरी त्यांचे पाच टक्के सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून, भरून निघत. ते पाच टक्के घेणारे उद्योजक, आणि साडेचार घेणारे तुकोजीराव सावकार? मुदतही बघा. १०१ वर्षं! १८७० पासून मोजलं तर ती १९७१ पर्यंत जाते, इंग्रज इथून गेले त्यानंतरही चोवीस वर्षं. इतक्या लांबच्या वायद्यावर कोटभर रुपये मोकळे सोडणारा सावकार मला तरी भेटलेला नाही. भेटला तर पत्ता कळवा, घराच्या कर्जाचं बघायचं आहे.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांनीही आग्रा–ग्वाल्हेर मार्गासाठी ७५ लाख दिले आणि इंदूर–नीमचसाठी जवळपास तेवढेच. तेही सावकार म्हणा मग. सगळ्यांना एकाच रांगेत बसवा, म्हणजे निदान पंक्तिप्रपंच नको.

दरबाराचा फायदा नव्हता असं मी कुठेही लिहिलेलं नाही. माळव्याची अफू, कापूस, गहू मुंबईला लवकर पोचणार होता, जकातीत भर पडणार होती. राजाने स्वतःच्या मुलखाचा फायदा बघू नये, तर काय बघावं? मीटरगेजही, म्हणजे एक मीटर अंतराचे अरुंद रूळ, कमी खर्चात काम व्हावं म्हणूनच आलं. १ डिसेंबर १८७४ला खंडवा–सनावद गाडी सुरू झाली. ५ ऑक्टोबर १८७६ला नर्मदेवरचा पूल खुद्द तुकोजीरावांच्या हस्ते खुला झाला, आणि मार्गाला नाव पडलं होळकर स्टेट रेल्वे. ते नाव काही मी ठेवलं नाही. १८८१–८२च्या सुमारास ती राजपुताना–माळवा रेल्वेत मिसळली आणि नाव गेलं, हेही लेखात आहे. भाट असतो तर इतकं कशाला सांगत बसलो असतो?

आणि मला हे पुस्तकातून समजलं असं वाटत असेल तर ऐका. माझे आजोबा महूला गार्ड होते. कालाकुंडहून पातालपाणीकडे चढताना चाळिसास एक चढ, म्हणजे चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, म्हणून मागून दुसरं इंजिन लागायचं. ते ढकलायला लागलं की डब्यातल्या कड्या खडखडायच्या आणि आजी म्हणायची, ‘आता ह्यांचं काम सुरू झालं.’ कालाकुंडच्या फलाटावर पानातला कलाकंद यायचा. आमच्या घरी अकोल्याची सून आली ती याच मीटरगेजने, घाट चढून; आमची आई ती. इंदूरची कितीतरी मराठी घरं खंडवा–अकोला–पूर्णा या वाटेने विदर्भ-मराठवाड्याशी बांधलेली होती, मीनाक्षी एक्स्प्रेस तर आमच्यासाठी माहेरची गाडीच. २०१७च्या पहिल्या दिवशी खंडवा–अकोला बंद झाली, तेव्हा आईने त्या दिवशीचं वर्तमानपत्र जपून ठेवलं. पुण्याहून मुंबईला जाताना कर्जतला वडापाव घेणाऱ्याला हे रडगाणं वाटणारच. वाटू दे.

टंट्या मामाचं म्हणाल तर, उतारावर निघण्याआधी पातालपाणीला ब्रेक तपासायला गाडी थांबायची, हे मला ठाऊक नाही की काय? आजोबा ब्रेक तपासायचे आणि मामाच्या देवळाकडे बघून हातही जोडायचे. दोन्ही एकाच थांब्यात उरकायचं. ४ डिसेंबर १८८९ला जबलपूरला फाशी गेलेल्या माणसाची समाधी भिल्लांनी या घाटात मानली, तिला तुमची-माझी परवानगी लागत नाही.

मजुरांवर वेगळं लिहीन. एका लेखात सगळं मावत नाही, आणि लांबीबद्दल तक्रार तुमचीच होती.

ब्रॉडगेजला माझा विरोध नाही, तो तुम्ही माझ्या तोंडी घातलात. नवा मार्ग हा चढ टाळायला वळसा घेऊन जाणार, निमाडाला त्याची गरज आहे, होऊ दे लवकर. महू–ओंकारेश्वर रोड मीटरगेज २०२३च्या फेब्रुवारीपासून थांबलं. २०१८च्या डिसेंबरात सुरू झालेली पातालपाणी–कालाकुंड पर्यटकांची गाडी, चार बोगदे आणि घाटाचा तो तुकडा एवढंच हाती राहिलं, त्याची नोंद ठेवावी म्हणून लेख लिहिला. त्यात रडणं तुम्हाला कुठे दिसलं ते परिच्छेदाचा क्रमांक देऊन सांगा.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढची मात्र स्वतःच्या नावाने लिहा. मी माझ्या नावाने लिहितो, आजोबांची नोकरीसुद्धा सांगून टाकली.