पन्नास टक्के मजा

कोरोनाच्या साथीत थीम पार्कांसकट सगळं बंद होतं तेव्हा एक बरं होतं. पोरांना एका वाक्यात गप्प करता यायचं. 'बंद आहे.' कुलूप दिसतंय ना? चला घरी. खरी परवड सुरू झाली ती निर्बंध सैल व्हायला लागल्यावर. दार उघडलं, पण दारात खुर्ची आली, खुर्चीत माणूस, माणसाच्या हातात तापमापकाची बंदूक आणि पाठीमागे नियमांचा फ्लेक्स. तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होईस्तोवर पहिल्या ओळीतला नियम बदललेला असायचा.

आम्हा नाशिककरांची तयारी तशी आधीच करून घेतलेली होती. २०२१च्या मार्चअखेर शहरातल्या मुख्य बाजारपेठांत शिरायला पाच रुपयांचं तिकीट लागलं होतं. तासाभरात बाहेर पडायचं, रेंगाळलात तर पाचशे रुपये दंड. प्रवेशशुल्क, वेळेची मर्यादा, रांग, रडणारं पोर आणि शेवटी रिकामा खिसा. थीम पार्कचं सगळं होतं, पाळणे तेवढे नव्हते.

पाळणे सुरू झाले २२ ऑक्टोबर २०२१ला. त्या दिवशी राज्यात नाट्यगृहं, सिनेमागृहं उघडली आणि मनोरंजन उद्यानांतले कोरडे खेळही. पाण्याचे खेळ बंदच. क्लोरीनचं प्रमाण नीट राखलेल्या पाण्यातून हा विषाणू पसरल्याचा पुरावा नव्हता. धोका होता तिकिटाच्या रांगेत, कपडे बदलायच्या खोलीत आणि भज्यांच्या काउंटरवर. पण पाणी निर्दोष असून शिक्षा पाण्यालाच. मग ओमायक्रॉन आला आणि १० जानेवारी २०२२पासून कोरडंही बंद. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून पुन्हा चालू, या खेपेला ओलंसुद्धा, पण निम्म्या क्षमतेनं.

आणि ४ मार्चला आमचा खरा अपमान झाला. राज्यानं चौदा जिल्हे निवडून तिथं शंभर टक्के मुभा दिली. अटी चार: पहिला डोस नव्वद टक्के लोकांना, दुसरा सत्तर टक्क्यांना, चाचण्यांत बाधितांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या खाटा चाळीस टक्क्यांहून कमी भरलेल्या. यादीत रायगड होता, नाशिक नव्हतं. खोपोलीजवळचं इमॅजिका थीम पार्क रायगडात. त्यामुळे नाशिकचं कुटुंब पन्नास टक्क्यांतून निघायचं, कसारा घाट उतरून ठाणे जिल्ह्यातून पन्नास टक्क्यांतच पुढं जायचं आणि रायगड जिल्ह्यात शिरलं की एकदम शंभर टक्के व्हायचं. संध्याकाळी परत निम्मं होऊन घरी. विषाणूला जिल्ह्याची हद्द कुणी दाखवली होती, ते विचारायचं नाही.

हद्द ओलांडली तरी गेट ओलांडणं वेगळं. तिथं लागायचं दोन्ही डोसांचं प्रमाणपत्र, तेही दुसऱ्या डोसाला चौदा दिवस होऊन गेल्यावरचं. इथं सहलीचं गणित बसतं किंवा फसतं. कोविशील्डच्या दोन डोसांत चौऱ्याऐंशी दिवस, वर चौदा, म्हणजे पहिल्या सुईपासून अठ्ठ्याण्णव. कोव्हॅक्सिनला अठ्ठावीस अधिक चौदा, बेचाळीस. एकाच घरात वहिनी बेचाळिसाव्या दिवशी मोकळ्या आणि दादा अजून दोन महिने अर्धवट. घरात पाच माणसं, तीन केंद्रं आणि दोन लशी असल्या की सहलीची तारीख लग्नाच्या मुहूर्तासारखी काढावी लागायची, आणि त्यातही कुणाला तरी मध्येच कोविड होऊन गेला की दुसऱ्या डोसाला आणखी तीन महिने. मग सगळंच पंचांग उलटं.

प्रमाणपत्र डाउनलोड करून आणायचं ते घरी, वायफायवर, आदल्या रात्री. गेटवर नाही. कारण कोविन या लसनोंदणीच्या साइटवर एका मोबाइल नंबराला सुरुवातीला चारच माणसं जोडता यायची (सहा झाली ती जानेवारी २०२२मध्ये). त्यामुळे पाचवं माणूस, म्हणजे बहुधा आजी, भाच्याच्या नंबरावर. भाचा पुण्यात, मीटिंगमध्ये, आणि ओटीपीचं आयुष्य एकशे ऐंशी सेकंद.

"बंड्या, सहा आकडे आलेत का रे?"

"आत्या, कॉलवर आहे, नंतर सांगतो."

"नंतर नको, आत्ता! आजी उन्हात उभीये!"

दुसरी मेख लॅमिनेशनची. आपल्याकडे कागद महत्त्वाचा झाला की तो झेरॉक्सवाल्याकडे जाऊन चकचकीत प्लॅस्टिकमध्ये बसतो. उन्हात त्या प्लॅस्टिकवर तिरीप पडते आणि क्यूआर कोड वाचला जात नाही. मग रखवालदार आधी मोबाइल तिरका करतो, मग कार्ड, शेवटी मान. साधी छापील प्रत घडी न घालता न्यावी, घडी कोडवरून गेली की तीही बाद. पहिल्या डोसाचा कागद आणि दुसऱ्या डोसानंतरचा अंतिम कागद दिसायला भाऊ-भाऊ, म्हणून निघण्यापूर्वी एकदा वाचावा. प्रमाणपत्रावर फोटो असायचा, पण आपला नसायचा, तेव्हा आधार कार्डही लागायचंच. अठराच्या आतल्यांना लशीची सूट, पण वयाचा पुरावा लागायचा. मिसरूड फुटलेल्या सतरा वर्षांच्या पोराचं आधार घरी राहिलं तर त्याला गेटवर लहान ठरवून घेण्यासाठी अख्ख्या खानदानाला साक्ष द्यावी लागते.

मग बंदूक. ती ताप मोजत नाही, कातडीचा वरवरचा उष्मा मोजते. कपाळापासून तीन ते पाच सेंटीमीटरवर धरायची, घाम पुसलेल्या कपाळावर. मार्चच्या उन्हात अर्धा तास रांगेत उभ्या माणसाचं कपाळ तव्यावर ठेवल्यागत, तो उगाच तापकरी ठरतो. त्याला पाच-दहा मिनिटं सावलीत बसवून पुन्हा मोजलं की बरा होतो. एसी गाडीतून थेट उतरलेला मात्र गारच. बरेच रखवालदार कपाळ सोडून मनगटावर रोखायचे, तिथं आकडा हटकून कमी. एकोणनव्वद फॅरनहाइट! खरंच एवढं तापमान असेल तर त्या माणसाला पाळण्यात नाही, दवाखान्यात न्यायला हवं. पण नियम फक्त वरच्या टोकाला होता, त्यामुळे गारठलेल्यांना सन्मानानं आत सोडलं जायचं.

मास्कचं शास्त्र त्याहून नाजूक. तीन पदरी सर्जिकल मास्कच्या मधल्या पदरावर स्थिर विद्युतभार असतो, बारीक कण त्यानं अडतात. मास्क भिजला की गाळणं बिघडतं आणि श्वासही ओढवत नाही. म्हणून दिवसाला माणशी किमान तीन कोरडे मास्क, ओल्या खेळांना चार. पाच जणांना वीस. कोरडे झिपच्या पिशवीत, वापरलेले वेगळ्या कागदी पिशवीत. दोन्ही पिशव्या एकाच रंगाच्या घेणाऱ्या माणसाचं पुढं काय होतं, ते त्याच्या बायकोला विचारा.

चष्मेवाल्यांसाठी: नाकावरची तार एका हाताच्या चिमटीत दाबू नये, मधोमध टोक निघतं आणि दोन्ही बाजूंनी वाफ वर चढते. दोन्ही तर्जन्यांनी मधून बाहेर दाबत न्यावी आणि चष्मा मास्कच्या कडेवर टेकवावा. नाशिकला १५ ऑगस्ट २०२१पासून हेल्मेटशिवाय पेट्रोल मिळत नव्हतं, तेव्हा हे ज्ञान पेट्रोल पंपावरही कामी यायचं. हेल्मेट काढताना कानातली रबरं सोबत उपटून येतात, म्हणून आत नाडीचा मास्क. रोलर कोस्टरलाही तोच. रबराचा असेल तर कानाजवळ गाठी मारून कडा आत दुमडाव्यात, वारा शिरत नाही.

आत गेल्यावर गर्दी निम्मी, म्हणून रांगाही निम्म्या, असं वाटतं. चूक. माणसं अर्धी, दोघांतलं अंतर दुप्पट, म्हणजे रांग तेवढीच लांब. पाळण्यात एक ओळ सोडून बसवायचं, म्हणजे एका फेरीत माणसंही अर्धीच. त्यात प्रत्येक फेरीनंतर दांडे पुसायचे. हायपोक्लोराइट या जंतुनाशकानं धातू गंजतो, म्हणून दांड्यांना सत्तर टक्के अल्कोहोल, आणि ते उडून जाईपर्यंत थांबणं आलं. तो पोऱ्या फडकं फिरवत असताना वरून 'लवकर, लवकर' ओरडू नये.

ओरडण्याचंच मोठं कोडं. २०२० साली जपानच्या थीम पार्क संघटनांनी रोलर कोस्टरवर किंचाळणं टाळा असं सुचवलं. फुजी-क्यू पार्कच्या दोन सुटाबुटातल्या अधिकाऱ्यांनी तोंडातून अवाक्षर न काढता अख्खी फेरी मारून दाखवली, आणि शेवटी पडद्यावर सूचना, मनातल्या मनात ओरडा. नाशिकच्या माणसाला हे जमणार नाही. मिसळीत तर्री जास्त पडली तरी तो शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असा हायहुय करतो. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डनं आणखी कडक मार्ग काढला होता, राईडवर मास्क काढलात तर तुमचा फोटोच विकायचा नाही. आपल्याकडे 'ताई, मास्क खाली घ्या, चेहरा येत नाहीये' असं सांगणारा फोटोग्राफरच असतो.

या सगळ्यात नाशिकचा स्वतःचा पाण्याचा खेळ मात्र भलताच मोकळा. पेशवेकाळापासूनच्या रहाडी, शनिचौकात, तिवंधा चौकात, दिल्ली दरवाज्याला. वर्षभर मातीखाली बुजवलेले दगडी हौद रंगपंचमीला उकरायचे, प्रत्येकात ठरलेला एकच रंग, आणि वरून धप्पकन उडी. २०२२ला त्या पुन्हा खुल्या झाल्या तेव्हा जिल्हा कागदोपत्री पन्नास टक्क्यांवरच होता. रहाडीची पन्नास टक्के क्षमता कशी मोजायची, पाण्याची की माणसांची, हे कुणी विचारायच्या आत पाचपन्नास जण आत पडलेले असतात.

पुढं गुढीपाडव्याला, २ एप्रिलपासून निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. आता पार्कांच्या गेटवर ना लस विचारतात, ना ताप. फक्त पिशवी उघडायला लावतात आणि घरून नेलेली चिवड्याची पुडी काढून घेतात. त्या निर्बंधाची मुदत कधी संपते, याचा शासन आदेश अजून निघालेला नाही.