सुरेशन-सुमलताच्या सिनेमात गाव कुठे गेलं?

रतीश बालकृष्णन पोदुवाल यांचा 'सुरेशन्टेयुम सुमलतयुडेयुम हृदयहारियाय प्रणयकथा' 16 मे 2024 ला थिएटरात आला. मल्याळम सिनेमा नेमाने पाहणाऱ्यांच्या त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या आणि त्या अवाजवी नव्हत्या. उत्तर केरळातला पय्यन्नूर-कासरगोडचा पट्टा हा या दिग्दर्शकाच्या हातचा मळ. 2019 च्या 'अँड्रॉइड कुंजप्पन'मध्ये त्यांनी पय्यन्नूरजवळच्या एका हट्टी म्हाताऱ्याच्या घरात यंत्रमानव आणून ठेवला होता, आणि तरीही ते घर खरं वाटत होतं. मग 2022 मध्ये 'न्ना तान केस कोडु' आला. सुरेशन आणि सुमलता ही त्यातलीच दोन दुय्यम पात्रं. त्यांना घेऊन केलेला हा प्रेमाचा सिनेमा मात्र सपशेल फसलाय. का फसला हे नीट बघायला हवं, कारण चूक नटांची नाही, रचनेची आहे.

'केस कोडु' कसा उभा होता ते आठवा. रस्त्यावर खड्डा. खड्डा चुकवणारी रिक्षा अंगावर येते म्हणून एक माणूस आमदाराच्या कुंपणावरून आत उडी मारतो. आत कुत्री, ती चावतात. हा माणूस पूर्वीचा चोर, त्यामुळे चोरीचा आळ त्याच्यावर येतो. तो म्हणतो, उडी मारावी लागली ती खड्ड्यामुळे, तर खड्ड्याला जबाबदार असलेल्या मंत्र्यालाच कोर्टात उभं करा. प्रत्येक दुवा डोळ्यांना दिसतो: रस्ता किती रुंद, भिंत कुठे, कुत्री कुठून आली. कोर्टातला विनोद त्या जागेच्या नकाशातून येतो. न्यायाधीश झालेले पी. पी. कुंजिकृष्णन हे तिथलेच निवृत्त शिक्षक. त्या भूमिकेसाठी त्यांना केरळचा राज्य पुरस्कार मिळाला. त्यांचं नाक खाजवणंसुद्धा गावचं वाटतं.

नव्या सिनेमात पोदुवालांनी एकच प्रेमकथा तीन वेगवेगळ्या काळांत विभागली. नट तेच, नावं तीच. घरं, कपडे, रंगसंगती मात्र बदलते, आणि आपण एका काळातून दुसऱ्यात जात-येत राहतो. कल्पना कागदावर देखणी आहे: काळ बदलला तरी प्रेमापुढच्या भिंती तशाच. पण गावातल्या विनोदाचं गणित उधारीवर चालतं. पहिल्या वीस मिनिटांत चहाच्या टपरीवर कोण कुणाचे पैसे देणं लागतो, कुणाची कुणाशी बोलचाल बंद आहे, कोण कुणाचा मेहुणा, हे सगळं पेरावं लागतं. ते मध्यंतरानंतर वसूल होतं. तीन काळ केले की टपऱ्याही तीन लागतात आणि उधारीच्या वह्याही तीन. एवढा वेळ कुठल्याच सिनेमाकडे नसतो. मग टपरी नुसता सेट होऊन बसते आणि गर्दीतला माणूस फक्त 'गावकरी' उरतो.

दुसरी अडचण अडथळ्याची. प्रेमकथेतला अडथळा एकदा आला तर तो माणसांचा प्रश्न असतो. तोच तीन काळांत तीनदा दाखवला की तो धडा होतो. पुढे काय होणार हे आधीच कळतं आणि हसू येण्याआधी मान डोलवावी लागते.

'महेशिन्टे प्रतिकारम' (2016) आठवून बघा. इडुक्कीतल्या प्रकाश नावाच्या गावात महेशचा फोटो स्टुडिओ. जिम्सी फोटो काढायला येते. तो सवयीने तिला हनुवटी वर, हनुवटी खाली, डोळे उघडे, असं बसवतो आणि बटण दाबतो. फोटो तिला आवडत नाही आणि ती तसं तोंडावर सांगते. त्या एका सांगण्याने त्याच्या धंद्याचा, बापाकडून नीट न शिकलेल्या कलेचा आणि त्याच्या अहंकाराचा प्रश्न एकदम पुढे येतो. मग तिचा नकळत टिपलेला फोटो मासिकात छापून येतो, तेव्हा प्रेम झालंय हे कुणी बोलून दाखवायची गरज पडत नाही. श्याम पुष्करन यांच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार उगाच मिळालेला नाही.

जुन्यातलं उदाहरण हवं तर 'पोन्मुट्टयिडुन्न तारावु' (1988) घ्या. सोनार प्रेयसीला 10 पवनांची माळ देतो. केरळात 1 पवन म्हणजे 8 ग्रॅम, म्हणजे माळ 80 ग्रॅमची. ती लग्न करते आखातातून आलेल्या दुसऱ्याशी, आणि माळीचं काय, या प्रश्नावर सगळं गाव कामाला लागतं. 'तिंकळाळ्च निश्चयम'मध्ये तर फक्त सोमवारचा साखरपुडा आहे आणि त्याआधीचे दोन दिवस. एक वस्तू किंवा एक तारीख पुरते.

सगळ्यात हळहळ वाटते ती नाटकाबद्दल. या सिनेमात नाटकाचा धागा आहे, आणि उत्तर केरळात गावोगावची वाचनालयं, कला मंडळं नाटकं बसवत आलीयेत. इथे सोनं पडलेलं होतं. पडदा कुणाकडून आणायचा, माईक आणि लाइटचं भाडं कोण भरणार, पंचायत निवडणुकीत हरलेला माणूस राजा झाला तर जिंकलेला शिपाई होईल का, नायिकेच्या घरून तालमीला रात्री किती वाजेपर्यंत परवानगी. कोकणात जत्रेच्या नाटकाच्या तालमी पाहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. एकच काळ, प्रयोगाची एकच तारीख आणि तोपर्यंत त्या दोघांनी रोज संध्याकाळी एकाच मंचावर उभं राहायचं, एवढ्यावर अख्खा सिनेमा तरला असता.

सुरेशन-सुमलता झालेल्या राजेश माधवन आणि चित्रा नायर यांना मी दोष देणार नाही. राजेश हा 'महेशिन्टे प्रतिकारम'मधल्या छोट्याशा भूमिकेपासून आलेला माणूस. 'केस कोडु'साठी स्थानिक चेहरे निवडण्याचं कामही त्याचंच. त्याला गावची माणसं कळतात. पण ही जोडी मूळ सिनेमात लोणच्यासारखी होती: फोडीएवढी, आंबट आणि नेमक्या वेळी. मुख्य पात्रं करायची तर त्यांना काम, कर्ज, शेजारी, एखादा वैरी द्यायला हवा होता. इथे त्यांच्याकडे फक्त प्रेम आहे.

आपण मराठी प्रेक्षक हे सबटायटल्सवर पाहतो, त्याचाही फटका बसतो. कासरगोडकडची बोली मध्य केरळच्या मल्याळमपेक्षा बरीच वेगळी आणि तिचा ठसका सबटायटल्समध्ये सपाट होतो. 'केस कोडु' त्यातूनही टिकतो, कारण तिथला विनोद खड्ड्यात आणि भिंतीत आहे. इथे तो बोलण्यात आहे, त्यामुळे आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त संथपणा.

ज्यांनी अजून काहीच पाहिलेलं नाही त्यांनी 'केस कोडु'पासून सुरुवात करा, मग 'तिंकळाळ्च निश्चयम'. दोन्ही कासरगोड जिल्ह्यातले, दोन्हींत लग्नं, भांडणं आणि राजकारण एकाच अंगणात. सुरेशन-सुमलताचा सिनेमा त्यानंतर बघा, आणि बघताना कोर्टातली त्यांची दृश्यं आठवत राहा.